कडी आणि कढी

माझी आजी बंगल्यावर कामाला होती. आमच्या गावात ‘बंगला’ म्हटलं की एकच, मिशनचा. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चहूकडे पऱ्हाटी, आणि वेशीबाहेर कवेलूंच्या उंच छपराची ती लांबोळकी इमारत. शेजारी मुलींची शाळा, बोर्डिंग, विहीर, चिंचेची पाच-सहा झाडं. हा सगळा पसारा सांभाळायच्या एक अमेरिकन बाई. लग्न केलेलं नव्हतं. गाव त्यांना मिससाहेब म्हणायचं, आजीही मरेपर्यंत तेच म्हणाली. त्यांचं खरं नाव तिला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. त्यांनाही तिचं आलं नाही, त्यामुळे फिटंफाट.

आजीची आवडती गोष्ट कढीची. बंगल्यावर नागपूरहून पाहुणे यायचे होते. सकाळी मिससाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “बाई, आज जेवताना कडी पाहिजे.” आजीनं दाराकडे पाहिलं. कडी शाबूत होती. पण साहेबलोकांचं काय सांगावं, म्हणून ती बाजारात गेली, लोहाराकडून चांगली जाडजूड कडी घेऊन आली आणि दुपारी टेबलावर पाहुण्यांसमोर नेऊन ठेवली. पुढचं तिला कधी सरळ सांगता आलं नाही. हसता हसता पदर तोंडाशी जायचा. “मिससाहेब अशी हासली, अशी हासली, का खुर्चीवरून पडली अस्ती. अन् मंग रडली.” रडल्या कशाला, हे लहानपणी मी कधी विचारलं नाही. ती कडी पुढे आमच्या गोठ्याच्या दाराला लागली.

मी डी.एड. झाले, अमरावती जिल्हा परिषदेत लागले आणि पहिली नेमणूक मिळाली मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासींच्या गावात. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. घरी सांगायला गेले तेव्हा आजी ऐंशीच्या घरात होती, बाजेवर बसून सुपारी कातरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. गाव किती लांब, एसटी कुठवर जाते, पोरं कोणती भाषा बोलतात. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, “म्हंजे तू आता मिससाहेब झाली.”

मला राग आला होता. मी सरकारी शिक्षिका, महाराष्ट्राच्याच एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात निघालेली. कुठे ती सात समुद्रापलीकडची बाई आणि कुठे मी. पण पहिल्या आठवड्यातच आजीचं वाक्य अंगाला येऊन चिकटलं. पहिलीच्या वर्गात सतरा मुलं समोर बसली होती आणि मी काय बोलते ते एकालाही कळत नव्हतं. रडणाऱ्या मुलीला काय होतंय ते मला कळत नव्हतं. एक मोठा मुलगा मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगत होता, आणि तो नेमकं काय सांगतोय याची मला अजिबात खात्री नव्हती.

तेव्हापासून सुट्टीत घरी गेले की मी आजीला मिससाहेबांबद्दल विचारायला लागले. त्यांनी किती लोकांना काय शिकवलं, यापेक्षा त्या रोज काय करायच्या, हे.

विदर्भ या मिशनांनी वावरासारखा वाटून घेतला होता. यवतमाळकडे अमेरिकेतले फ्री मेथडिस्ट, अकोला-खामगाव-अमरावतीकडे अमेरिकेतूनच आलेली अलायन्स मिशन, नागपूर-भंडारा-वर्ध्याकडे स्कॉटिश, चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, स्कॉटलंडमधलंच पण निराळं चर्च, आणि मेळघाटाच्या पायथ्याशी खास कोरकूंसाठी काढलेली एक मिशन. एकानं दुसऱ्याच्या धुऱ्यावर जायचं नाही, अशी रीत. बोटीतून मुंबईला उतरलेल्या नव्या शिक्षिकेला लगेच वर्गात उभं करत नसत. पहिलं वर्ष-दीड वर्ष तिचं काम एकच, मराठी शिकणं. घरी पंडित यायचे. उन्हाळ्यात महाबळेश्वरला भाषेचे वर्ग भरायचे. टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असायचा, १८३१ साली पहिल्यांदा छापलेला आणि १८५७ मध्ये सुधारून वाढवलेला. परीक्षा व्हायच्या, त्यात पास व्हावं लागायचं. आम्हाला मेळघाटात पाठवताना कोणी कोरकूचा एक शब्द शिकवला नव्हता, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

पण गंमत पुढेच. ही बाई पुण्याची शुद्ध मराठी घोटून, परीक्षा देऊन, मुर्तिजापूरला मोठी गाडी सोडून ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या डब्यातून डुगडुगत यवतमाळला यायची, तिथून आमच्या गावात, आणि पाहायची तर इथे तिची मराठी कोणी बोलतच नाही. ‘कशासाठी’ विचारलं तर बाया एकमेकींकडे बघायच्या. ‘काहून’ म्हटलं की कळायचं. मला-तुलाचं मले-तुले. अंघोळ नाही, आंग धुणं. मुलगे नाहीत, पोट्टे. आजी एकदा वरणावर घालायला कोथिंबीर चिरत होती, तिनं विचारलं, “मिससाहेब, सांबार टाकू का?” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मिससाहेब नुकत्याच कोडाईकनालचा उन्हाळा काढून आल्या होत्या. वरणात आणखी सांबार कशाला, हे त्यांना कळेना, आणि एवढं साधं त्यांना का कळत नाही, हे आजीला कळेना. शेवटी आजीनं जुडीच नाकाशी धरली.

कढीतला ढ त्यांना शेवटपर्यंत आला नाही. ‘गाडी’ आणि ‘गादी’ त्यांच्या तोंडी एकच व्हायचं, त्यामुळे बैलगाडी सांगितली की गडी अंथरूण घालायला निघायचा. मुली पाठीमागे नक्कल करायच्या. त्यांना ते ठाऊक होतं. आजी म्हणायची, पहिली काही वर्षं त्या बोलण्याआधी क्षणभर थांबायच्या, जणू पाण्यात पाय घालून खोली बघतायत. दहा-बारा वर्षांनी मात्र “मले समजून राह्यलं” असं अस्सल वऱ्हाडीत, फक्त र जरा गोल करून, बोलायला लागल्या.

आजीच्या सांगण्यातून त्यांचा दिवस जोडत गेले तर तो असा. पहाटे पाचला उठून काळा चहा आणि प्रार्थना. मग बोर्डिंगच्या मुलींच्या वेण्या, उवा, खरूज. दळणाचा हिशोब. सकाळी व्हरांड्यात गावची माणसं यायची, कोणाला ताप, कोणाचा कान फुटलेला. त्या डॉक्टर नव्हत्या. क्विनाईन, आयोडीन, बोरिक पावडर, एवढंच त्यांच्याजवळ. मग शाळा. दुपारी उन्हं भाजायला लागली की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून अंधाऱ्या खोलीत हिशोबाच्या वह्या. यवतमाळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, कवेलूंखालीही डोकं कढईसारखं तापतं. संध्याकाळी विहिरीवर भांडणं सोडवायची. रात्री कंदिलाजवळ पत्रं. हिवाळ्यात कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा ओस पडायची. मग दोन बैलगाड्यांवर तंबू लादून खेड्याखेड्यांतून मुक्काम. आजीही जायची सोबत, तव्याबिव्यासह. तिच्या आयुष्यातला तोच प्रवास.

यात धर्म किती आणि शिक्षण किती, असं कोणी विचारलं तर वेळेच्या हिशोबानं उवा आणि दळण जास्त भरेल. पण म्हणून तो भाग नव्हताच, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. त्या आल्याच होत्या आपला देव सांगायला. गाणी, गोष्टी, चित्रं, सगळं त्याच वाटेनं जायचं. आजी कामाला लागली तेव्हा तिच्या सासूनं दोन महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. “बाटली का तू?” हा प्रश्न तिला पाणवठ्यावर किती वेळा आला, ते ती बोटांवर मोजायची आणि बोटं पुरायची नाहीत. ती बाटली नाही. रविवारी बंगल्यावरून येऊन सोमवारी महादेवाला बेल वाहायची. त्याच काळात, विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा, सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५४ साली नेमली, १९५६ मध्ये अहवाल आला, आणि धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, असं त्यात म्हटलं होतं. गावात कोणी तो अहवाल वाचला असेल असं नाही. पण वारा बदललेला आजीलाही कळला होता. तिच्या भाषेत, “लोकं बंगल्याकडं बघाचे तं डोये बारीक करून बघाचे.”

मला स्वतःला दोन्ही बाजूंची भाषणं ऐकवत नाहीत. एका बाजूला सेवेच्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला डाव. आजीच्या गोष्टींत दोन्ही नव्हते. त्यात घामानं ओला झालेला फ्रॉक होता आणि रॉकेलवर चालणारं बर्फाचं कपाट होतं.

या कपाटाबद्दल सांगायलाच हवं. वीज नव्हती, पण बंगल्यावर फ्रिज होता. खाली रॉकेलची ज्योत आणि वर बर्फ. आजीनं पहिल्यांदा हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. आगीवर बर्फ होतो, हे गावात कोणी मानेना. तिला लबाड ठरवलं. तिनं मिससाहेबांची परवानगी काढून लुगड्याच्या ओच्यात एक खडा बांधून घरी नेला. दाखवायला सोडला तर ओचा ओला आणि आत काही नाही, आणखी लबाड ठरली. गोष्ट हसण्याची आहे. पण उन्हाळ्यात बोर्डिंगच्या चाळीस मुली माठातलं पाणी प्यायच्या आणि बर्फ टेबलावरच्या दोन ग्लासांत पडायचा, हेही आजीनं कुठलाही राग न धरता सांगितलंय. तिकडच्या मानानं त्यांचा पगार तुटपुंजा असेल, पण आमच्या गावात ती श्रीमंतीच होती. त्यांना ते कळत होतं का? आजीला वाटायचं, कळत होतं, कारण पाहुणे नसले की त्या स्वतः माठातलंच प्यायच्या. मला वाटतं, तेवढ्यानं काही भागत नाही.

एक भाग मात्र आजी कधी हसून सांगू शकली नाही. मिससाहेबांच्या शेजारच्या घरात पाद्रीसाहेब आणि त्यांची बायको राहायची. तीही शाळेत शिकवायची. त्यांचा मुलगा आजीच्या कडेवर वाढला, वऱ्हाडी बोलायचा, भाकरीवर ठेचा घेऊन खायचा. तो सहा वर्षांचा झाला आणि त्याला कोडाईकनालच्या शाळेत पाठवायचं ठरलं. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी ती शाळा १९०१ साली निघालेली. वर्ध्याहून मद्रासची गाडी, मद्रासहून कोडाई रोड स्टेशन, तिथून घाट. कपड्यांवर त्याच्या नावाच्या पट्ट्या शिवायचं काम आजीकडे आलं. प्रत्येक सदऱ्याला, प्रत्येक मोज्याला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तिनं ती नक्षीसारखी टाचली. पाद्रीणबाई शेजारी बसून नुसत्या घड्या घालत होत्या. एकच सदरा चार-चार वेळा.

“मायबाप दोघंबी आपल्या पोरीईले शिकवाले इथं,” आजी म्हणायची, “अन् त्याहिचं पोट्टं शिकाले तिकडं. हे कोनतं गनित, माय?”

मुलगा हिवाळ्याच्या सुट्टीत आला तेव्हा आजीजवळ येईना. वऱ्हाडी विसरला नव्हता, पण लाजत होता. त्याची आई मे महिन्यात डोंगरावर जायची, तेवढे आठवडे आई-मुलगा एकत्र. बाकी आठवड्याला एक पत्र, शाळेत बसवून लिहून घेतलेलं.

आजीनं हे सांगितलं तेव्हा माझा मुलगा यवतमाळला माझ्या आईकडे होता. मेळघाटातल्या माझ्या गावी रेंज नव्हती. रविवारी संध्याकाळी मी गावामागच्या टेकाडावर चढायची, तिथे एका ठरावीक मोहाच्या झाडाखाली मोबाईलला दोन काड्या दिसायच्या. तो फोनवर काय जेवला ते सांगायचा आणि मग, “आता आजीला देऊ?” असं विचारायचा. मी त्या गोऱ्या पाद्रीणबाईंबद्दल कोणापुढे काही बोलले नाही. पण टेकाड उतरताना दर वेळी त्यांची आठवण व्हायची, न पाहिलेल्या बाईची.

मिससाहेबांना मूल नव्हतं, आई होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतकरी गावात. पत्र जायला-यायला महिना-महिना लागायचा, पुढे निळे एरोग्राम आले तेव्हा दिवस कमी झाले. एरोग्रामच्या कडेकडेनं, दुमडीवर, चिकटवायच्या पट्टीवरही त्या लिहायच्या. जागा वाया जाऊ नये म्हणून. आईच्या आजारपणाचं पत्र आलं, त्यावर त्यांनी काळजीचं उत्तर लिहिलं, ते पोस्टात पडलं, आणि आठवड्यानं कळलं की उत्तर लिहीत होत्या त्याच्या आधीच आईला मूठमाती देऊन झाली होती. त्या दिवशी शाळा सोडली नाही. संध्याकाळी आजीला म्हणाल्या, “बाई, आज काही करू नको.” आजीनं पिठलं-भाकर केलं आणि समोर बसून राहिली. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारून येतं. इथे शेजार म्हणजे आजीच.

दर पाच-सात वर्षांनी त्यांना वर्षभराची रजा मिळायची. लोकांना वाटायचं, मिससाहेब आराम करायला घरी गेल्या. प्रत्यक्षात तिकडे गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन बोलायचं, फोटो दाखवायचे, पैसे उभे करायचे, हेच काम. म्हणजे आमचं गाव तिथल्या पडद्यावर दिसायचं. आजीचाही एक फोटो होता, चुलीपुढे बसलेला. तो कुठल्या गावात, कोणत्या लोकांनी, काय समजून पाहिला असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. मेळघाटात कुपोषणाच्या बातम्यांसाठी कॅमेरे यायचे, माझ्या वर्गातल्या मुलांना उन्हात ओळीनं उभं करायचे, तेव्हा तर हटकून.

रजेवरून परतल्यावर मिससाहेब म्हणाल्या, “घरी आले आता.” आजीनं विचारलं, “मंग जाऊन कुठी आली?” त्यावर त्या म्हणाल्या, “तेही घरच.” जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, “पण तिथं सगळे मला विचारतात, परत कधी जाणार.”

विदर्भात अशी माणसं शंभर वर्षं येत होती. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली. धर्मोपदेशक, मास्तर आणि वेळ मिळेल तेव्हा दगड गोळा करणारे. नागपूरच्या टाकळीत सापडलेल्या एका हिरवट खनिजाला त्यांचं नाव आहे. गोंडांची माहिती आणि गाणी त्यांनी टिपून ठेवली, ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. १८६३ च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले, गावातल्या शाळेची परीक्षा घेत मागे थांबले आणि अंधारात घोड्यावरून बोरीकडे येताना पुराच्या पाण्यात बुडाले. आज तिथे बुटीबोरीची कारखानदारी आहे. नागपूरला जाताना बस तिथून जाते आणि मला दर वेळी शिळावर्तुळं आठवत नाहीत, ती शाळा आठवते. इन्स्पेक्शन लांबलं की परतीची वाट अंधाराची होते, हे कोणत्याही मास्तराला कळेल.

आणि सेवाग्रामच्या मार्जरी साइक्स. इंग्लंडच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. १९२८ मध्ये मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, पुढे शांतिनिकेतनात गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतरची जवळपास दहा वर्षं सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचे शिक्षक घडवत राहिल्या. सफाई, सूतकताई, स्वयंपाक, सगळं अभ्यासातच. इथे बंगला नव्हता. कुडाच्या भिंती, तेच ऊन. प्रशिक्षणासाठी आम्ही सेवाग्रामला गेलो होतो तेव्हा मी आजीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “मंग तिच्याकडं कामाले कोन होतं?” कोणी नव्हतं म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग, “मंग तिले बोलाले कोन होतं?”

मेळघाटात दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून मला झेरॉक्स मिळाली. कोरकू भाषेचं व्याकरण, १९०३ साली छापलेलं. लेखक जॉन ड्रेक, त्या कोरकूंसाठीच्या मिशनमधले मिशनरी. मी इंग्रजीची शिकस्त करून ते वाचू लागले. कोरकू मराठीची बोली नाही, गोंडीचीही बहीण नाही. तिचं नातं पार झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीशी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे नुसती ‘माणसं’. मी ज्या सिपना नदीकाठानं रोज जात होते, त्या नावाचा अर्थ सागवान, हे मला माझ्या वर्गातल्या मुलानं सांगितलं आणि तेही मी विचारल्यावर. शंभर वर्षांपूर्वी कोणी परका माणूस याच जंगलात हिवतापात, बहुधा एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसून, हे सगळं विचारत फिरला होता. त्याचा हेतू मला ठाऊक आहे, बायबल पोहोचवायचं होतं. आणि माझ्या पिशवीत मराठीचं पाठ्यपुस्तक होतं. तेही मुलांनी मागितलेलं नव्हतं.

मी वही केली. एका बाजूला मराठी, एका बाजूला कोरकू, देवनागरीत. पाण्याला ‘डा’ म्हणतात, तो पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या थाटात माठाकडे बोट दाखवून म्हटलं, “डा.”

सतरा मुलं आधी गप्प झाली. मग मागच्या रांगेतून एक फुसकन हसला, मग सगळाच वर्ग. पहिल्या दिवशी रडलेली ती मुलगी फरशीवर आडवी होऊन हसत होती. तिनं उठून माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत, हळूच म्हणून दाखवलं, “डा.” मला दोन्हीत काही फरक ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा. नाही. मीही हसायला लागले, आणि हसता हसता घशात काहीतरी दाटून आलं, तेव्हा मला टेबलावरची कडी दिसली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला हे सांगायचं होतं. ती झोपून होती, अंथरुणाला लागली होती. मी जवळ बसून म्हटलं, आजी, मला पाणी म्हणता येत नाही. तिला ऐकू कमी यायचं. तिनं डोकं उचललं आणि आत हाक मारली, “अवं, पोरीले पानी दे कोनी.”